छाप कोणाची, हमी कोणाची?

वर्गात ‘ट्रेडमार्क’ला समानार्थी शब्द विचारले की मुलं भराभर सांगतात: मार्का, छाप, शिक्का, ब्रँड, लोगो, हॉलमार्क. वहीत हे सगळे एका ओळीत सुखानं नांदतात. पण पिशवी घेऊन बाजारात गेलं की त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तिथं गल्लत झाली तर मार्क जात नाहीत, पैसे जातात.

ट्रेडमार्क म्हणजे व्यापारचिन्ह. माल कोणाचा, एवढंच ते सांगतं. तो कसा आहे, हे सांगायची जबाबदारी त्याच्यावर नाही. ते नाव असेल, चित्र असेल, नाहीतर अक्षरांची ठरावीक मांडणी. ज्यांना वाचता येत नसे त्यांनाही चित्रावरून काडेपेटी ओळखता यायची, म्हणून तर आपल्याकडे अमकी छाप नि तमकी छाप यांचा इतका सुकाळ! ‘ब्रँड’चं मूळ तापल्या लोखंडाच्या खुणेत आहे. आपल्याकडेही गुरांना ओळखीसाठी डागत. (आणि मराठीत ‘डाग’ म्हणजे दागिनासुद्धा, हे आपलं जाता जाता.) लोगो म्हणजे बोधचिन्ह. ते शाळेचं असतं, संमेलनाचंही असतं. त्यामागे दुकान असलंच पाहिजे असं नाही.

एखादा मार्का तर इतका घरचा होतो की मूळ वस्तूचं नावच मागे पडतं. ‘डालडा’ हे एका वनस्पती तुपाचं नाव, पण कित्येक घरांत सगळ्याच वनस्पती तुपाला डालडा म्हणू लागले. आपण दुकानात ‘कोलगेट द्या’ म्हणतो आणि भलतीच टूथपेस्ट घेऊन येतो, त्यातलाच प्रकार.

पण हॉलमार्क हा या रांगेतला नव्हेच. लंडनमध्ये सोनारांच्या संघाच्या हॉलमध्ये डाग तपासून त्यावर ठसा मारीत, त्यावरून तो शब्द आला. म्हणजे करणारा एक आणि तपासणारा दुसरा. सगळी मेख इथंच आहे. पाटल्या घेताना सराफ म्हणतो, “वहिनी, आमचा शिक्का आहे ना!” तो शिक्का त्याचा मार्का झाला, सोन्याची परीक्षा नव्हे. आज दागिन्यावर तीन खुणा बघायच्या: भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि अंक-अक्षरांचा सहा स्थानांचा एचयूआयडी क्रमांक. २२ कॅरटला ९१६ असतं, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं. ज्या जिल्ह्यांत हॉलमार्किंग सक्तीचं आहे, तिथं १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या डागांना आणि कुंदन, पोलकी, जडावाच्या कामाला सवलत आहे. खुणा बारीक असतात, तेव्हा सराफाकडूनच भिंग मागून घ्या, संकोच करू नका. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तो क्रमांक पडताळताही येतो.

कुकरवरचा आयएसआय आणि मध-तुपावरचा अ‍ॅगमार्क हे हॉलमार्कचे भाऊबंद. पुढं छापलेलं कंपनीचं नाव कितीही मोठं असलं तरी त्यांची जागा घेऊ शकत नाही.

आता विकणारीच्या बाजूनं. माझ्या ओळखीच्या एक वहिनी घरी गोडा मसाला करून विकतात. गुलाबी पाकीट, त्यावर लेकीचं नाव. चार-पाच वर्षांत गावात नाव झालं, आणि एका दुकानानं तेच नाव, तसंच गुलाबी पाकीट काढलं. गिऱ्हाइकं वहिनींनाच बोल लावू लागली, “या खेपेला मसाल्याला वास नाही हो!” मसाला त्यांचा नव्हताच! नोंदणी केलेली नव्हती, पण पहिल्या दिवसापासूनची बिलबुकं जपलेली होती, तीच उपयोगी पडली. आधीपासून वापर असेल तर नोंदणी नसली तरी दाद मागता येते, मात्र आपलं नाव आधीचं आणि लोकांना माहीत असलेलं आहे हे सिद्ध करावं लागतं. वकिलाची नोटीस गेल्यावर पाकिटाचा रंग बदलला. नावाचा तंटा अजून चालू आहे.

तेव्हा पापड, भाजणी, लोणची विकणाऱ्या मैत्रिणींनी नाव ठरवतानाच विचार करावा. ‘शुद्ध’, ‘चविष्ट’ अशी नुसती गुणवर्णनाची नावं १९९९ च्या कायद्यात सहसा नोंदली जात नाहीत, कारण ती सगळ्यांच्याच मालाला लागू पडतात. अर्ज मालाच्या वर्गानुसार करायचा. मसाला ३० व्या वर्गात आणि लोणचं २९ व्या, म्हणजे दोन्ही करत असाल तर दोन वर्गांची फी. स्वतःच्या नावानं ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे ४५०० रुपये पडतात. अर्ज मान्य झाला की चिन्ह जर्नलमध्ये छापून येतं आणि हरकतीला चार महिने असतात. नोंदणी दहा वर्षांची, पुढं नूतनीकरण होतं.

लेबल छापायला टाकताना एक बघा. नावाशेजारी ‘टीएम’ ही अक्षरं नोंदणीआधीही घालता येतात. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी हाती आल्यावरच. त्याआधी घातला तर तो गुन्हा आहे. छापखान्यातला मुलगा शोभेसाठी म्हणून घालून देईल, त्याला आधीच सांगून ठेवा.