दृष्टांत म्हणजे पुरावा नव्हे

गावाचे गायरान, गावाचे वन, गावाचे तळे यांचे काय करावयाचे असा प्रश्न निघाला की, सुशिक्षितांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते: ‘जे सर्वांचे असते, त्याची काळजी कोणीच घेत नाही.’ हे वाक्य जणू निसर्गनियम असावा अशा थाटात उच्चारले जाते. त्याच्या आधारे एक पक्ष म्हणतो की सामाईक साधनसंपत्ती खाजगी मालकांच्या हाती द्या. दुसरा म्हणतो की ती सरकारी खात्याच्या ताब्यात ठेवा. ज्यांचे जगणे त्या जमिनीवर आणि पाण्यावर अवलंबून आहे, त्यांना मात्र दोन्हीकडून सांगितले जाते की तुमच्याच्याने हे होणार नाही. हा निवाडा कोणत्या पुराव्यावर दिला गेला, हे तपासणे म्हणूनच केवळ विद्यापीठीय काम नाही. ते राजकीय काम आहे.

या विचाराला आधुनिक काळात प्रतिष्ठा मिळवून दिली ती गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने. १९६८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी सामाईक संपत्तीच्या शोकांतिकेवर लेख लिहिला. त्यातील मध्यवर्ती चित्र साधे होते. कुरण सर्वांना खुले आहे. प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडतो, कारण लाभ त्याचा एकट्याचा आणि तोटा सर्वांत वाटला जाणारा. शेवटी कुरण उजाड होते. हे चित्रही नवे नव्हते. विल्यम फॉर्स्टर लॉइड यांनी १८३३ सालच्या पुस्तिकेत ते रेखाटले होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हार्डिन यांनी एखाद्या प्रत्यक्ष कुरणाचा अभ्यास मांडला नव्हता, की कोणता प्रयोगही केला नव्हता. त्यांनी एक दृष्टांत सांगितला. दृष्टांत तर्काला धरून होता, म्हणून जगाने तो पुरावा समजून स्वीकारला.

याला उत्तर दिले ते राज्यशास्त्राच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला (२००९). त्यांची पद्धत आपण नीट समजून घेतली पाहिजे. एखाद्या ठिकाणचा तपशीलवार व सखोल अभ्यास, ज्याला संशोधनाच्या परिभाषेत ‘व्यष्टी-अध्ययन’ म्हणतात, तो त्यांचा पहिला आधार होता. इंडियाना विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या शाखांतील संशोधकांनी लिहून ठेवलेली अशी अध्ययने गोळा केली आणि तीच प्रश्नावली प्रत्येकाला लावून ती ताडून पाहिली. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल गावाचा अभ्यास रॉबर्ट नेटिंग या मानववंशशास्त्रज्ञाने केला होता. तेथे १५१७ पासून नियम आहे: हिवाळ्यात स्वतःच्या वैरणीवर जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडावयाच्या. स्पेनमधील वालेन्सियाचे शेतकरी कालव्याच्या पाण्याचे तंटे आपल्याच निवडलेल्या पंचांपुढे दर गुरुवारी सोडवीत आले आहेत. तुर्कस्तानातील अलान्याचे मच्छीमार जाळी टाकण्याच्या जागा चिठ्ठ्या काढून ठरवितात व पाळीपाळीने बदलतात. ऑस्ट्रॉम यांनी आपल्या १९९० सालच्या ग्रंथात हे मांडताना यशाचीच उदाहरणे निवडली नाहीत. तुर्कस्तानातीलच बोद्रुम व इझ्मीरच्या उपसागरात मच्छीमारांची व्यवस्था का उभी राहू शकली नाही, हेही त्यांनी तितक्याच काळजीने तपासले.

तथापि व्यष्टी-अध्ययनाला एक मर्यादा असते. टोर्बेलमध्ये शतकांचा शेजार आहे, नातीगोती आहेत, रूढी आहे, लेखी नियम आहे. यांपैकी नेमके कोणते कारण निर्णायक ठरले, हे एकट्या टोर्बेलकडे कितीही वेळ पाहत राहिले तरी कळत नाही. येथे प्रयोगशाळा उपयोगी पडते. रॉय गार्डनर व जेम्स वॉकर या अर्थशास्त्रज्ञांच्या साह्याने ऑस्ट्रॉम यांनी विद्यापीठातील विद्यार्थ्यांना आठ-आठांच्या गटांत बसविले. प्रत्येकास दर फेरीला काही टोकन द्यावयाचे. ते निश्चित परतावा देणाऱ्या जागी गुंतवावे किंवा सामाईक साठ्यात. आणि सामाईक साठा असा की, सर्वांनी मिळून त्यात मर्यादेपेक्षा अधिक गुंतविले तर सर्वांचाच परतावा घसरावा. शेवटी मिळणारी रक्कम खरी, रोख. थोडक्यात, हार्डिन यांचे कुरणच त्यांनी खोलीत आणले.

१९९२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष विचार करावयास लावणारे आहेत. आपसांत बोलण्यास मनाई असता, टोकनांची संख्या मोठी ठेवलेल्या प्रयोगांत गटांनी शक्य असलेल्या लाभाच्या जेमतेम पाचवा हिस्सा मिळविला. हार्डिन यांची शोकांतिका खरी ठरली. परंतु प्रत्येक फेरीपूर्वी समोरासमोर बोलण्याची मुभा मिळताच हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर गेले. दिलेला शब्द मोडणाऱ्यास कोणतीही शिक्षा नव्हती. प्रचलित सिद्धांतानुसार नुसत्या बोलण्याने काहीच फरक पडावयास नको होता. याहून बोलकी गोष्ट दंडाची. बोलण्याची संधी न देता केवळ एकमेकांस दंड करण्याची सोय वरून लादली, तेव्हा दंडाचा खर्च वजा जाता हाती जवळजवळ काही उरले नाही. दंड असावा की नसावा हे गटांनी स्वतः चर्चा करून ठरविले आणि तो स्वीकारला, तेव्हा निव्वळ लाभ नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचला. नियमाचा कडकपणा तितका महत्त्वाचा ठरला नाही. तो कोणी केला हे महत्त्वाचे ठरले.

स्वतः हार्डिन यांनी १९९८ साली मान्य केले की, आपल्या लेखात ‘व्यवस्थापन नसलेली’ हे विशेषण सामाईक संपत्तीला जोडावयाचे राहून गेले. तीस वर्षांत त्या एका गाळलेल्या शब्दाच्या आधाराने किती गावांचे हक्क गेले असतील, याचा हिशेब कोण देणार?

मात्र येथे टाळ्या वाजवून थांबणे बरे नव्हे. प्रयोगशाळेतील आठ विद्यार्थी समान टोकन घेऊन बसले होते. तेथे सावकार नव्हता, जात नव्हती, सभेत तोंड उघडण्यास मनाई असलेली स्त्री नव्हती. बोलण्याने सहकार्य वाढते एवढे प्रयोगाने दाखविले. बोलू कोणाला दिले जाते, हे गावात जाऊनच पाहावे लागते. गाव गुंतागुंत दाखविते, प्रयोगशाळा कारण वेगळे काढते. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावयाची असते.

आता आपल्याकडे वळू. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. त्यामागे सर्वसहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा आणि अभ्यासगट यांची अनेक वर्षांची बैठक होती. हे यश मोठे आहे. परंतु आपण कार्यकर्ते त्याचे काय करतो? सभेत उदाहरण देतो, टाळ्या मिळवितो आणि पुढे जातो. मेंढा लहान गाव आहे, बहुतेक वस्ती गोंड आदिवासींची आहे. जेथे जमीन मूठभरांकडे आहे आणि गाव जातींत विभागलेले आहे, तेथे हेच घडेल असे गृहीत धरणे म्हणजे हार्डिन यांचीच चूक उलट दिशेने करणे होय. त्यांनी निराशेचा दृष्टांत सांगितला, आपण आशेचा सांगतो, एवढाच फरक.

म्हणून मागणी आहे ती स्वतःकडेच. जेथे ग्रामसभा उभी राहिली तेथील आणि जेथे ती मोडली तेथीलही नोंद ठेवली पाहिजे. नियम कोणी केला, देखरेख कोण करतो, मोडणाऱ्यास काय होते, सभेत कोण बोलले आणि कोण गप्प राहिले, हे चार प्रश्न प्रत्येक गावी तेच विचारले पाहिजेत. फसलेल्या गावाची वही लिहिण्यात कमीपणा नाही. सामान्य माणसे आपला कारभार चालवू शकतात, ही आपली श्रद्धा आहे. श्रद्धेवर चळवळ सुरू होते. पुढे तिला हिशेब द्यावा लागतो.