निजवून ठेवलेला पहारेकरी

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार नागरिकांच्या माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न योजणाऱ्या संस्थेस २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संगणकांवरील प्रवेशाचे नियंत्रण आणि वर्षभर नोंदी जपणे ही बंधने मे २०२७ पासून लागू होतील. या मुदतीत सर्व्हर सांभाळणाऱ्यांची एक जुनी सवय मोडणे अगत्याचे आहे. लिनक्सच्या अनेक सर्व्हरांवर 'एसईलिनक्स' नावाचा पहारेकरी आधीच बसवलेला असतो. जरा अडचण आली की प्रथम त्यालाच निजवले जाते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने घडवलेली ही यंत्रणा डिसेंबर २००० मध्ये सर्वांना खुली झाली आणि २००३ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात सामावली गेली. नेहमीच्या पद्धतीत फाइल कोणी वाचावी हे तिचा मालक ठरवतो, आणि 'रूट' या सर्वाधिकारी खात्याला तर अटकावच नसतो. एसईलिनक्स मालकी पाहून थांबत नाही. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक फाइलला लेबल असते. धोरणात स्पष्ट परवानगी नसेल, तर नकार ठरलेला. कंटेनर चालवणाऱ्या 'रनसी' या प्रोग्राममध्ये २०१९ साली गंभीर त्रुटी आढळली. तिच्यामुळे कंटेनरमधून बाहेर पडून मूळ सर्व्हरचा ताबा घेता येत होता. रेड हॅटच्या ज्या सर्व्हरांवर एसईलिनक्स सक्तीच्या अवस्थेत होते, तेथे ही वाट अडली.

मग तो बंद का केला जातो? कारण बहुधा क्षुल्लक असते. घरच्या फोल्डरात तयार केलेले पान वेबसाइटच्या फोल्डरात हलवले, की ते जुनेच लेबल घेऊन येते आणि वेब सर्व्हरला ते वाचता येत नाही. 'रिस्टोअरकॉन' ही आज्ञा लेबल पूर्ववत करते. काम मिनिटाचे आहे. पण घाईत पहाराच उठवला जातो, आणि 'तात्पुरता' हा शब्द पुढे कोणाच्या लक्षात राहत नाही. नकाराच्या नोंदी वाचून आपोआप नियम बनवणारे साधनही आहे. ते डोळे मिटून वापरणे म्हणजे दार काढून चौकट तेवढी ठेवणे.

नव्या सर्व्हरवर आधी 'केवळ नोंद' ही अवस्था ठेवावी, कोठे नकार आला असता ते तपासावे, लेबले दुरुस्त करावीत आणि मगच सक्ती लावावी. त्रास एकाच प्रोग्रामचा असेल, तर तेवढ्यापुरतीच सूट देता येते. अर्थात, वेबसाइटला जी माहिती वाचण्याची रीतसर मुभा आहे, ती तिच्याच सदोष कोडमधून गळाली, तर हा पहारेकरी काही करू शकत नाही.

सर्व्हरची देखभाल बाहेरच्या कंत्राटदाराकडे सोपवणाऱ्या संस्थांच्या चालकांना यातले तंत्र कळण्याची गरज नाही. 'गेटएन्फोर्स' ही आज्ञा एका शब्दात उत्तर देते. 'एन्फोर्सिंग' याखेरीज दुसरे काही आले, तर ते कधीपासून आणि कोणाच्या संमतीने, हे कंत्राटदाराकडून लेखी घ्यावे.