कानातला रातकिडा

रात्री दहानंतर केंदूर निजते आणि माझ्या कानांतला रातकिडा जागा होतो. बाहेर थंडी असो की पाऊस, त्याची किरकिर थांबत नाही. डॉक्टर याला कर्णनाद म्हणतात.

संत कान्हूराज पाठकांच्या या गावात माझे बालपण टाळ-मृदंग ऐकण्यात गेले. पुढे बावीस वर्षे भोसरीच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर काढली. कानात कापसाचा बोळा, एवढेच संरक्षण. निवृत्त होऊन गावी आलो. एके दिवशी सून दारातून म्हणाली, ‘‘मामा, ताप आलाय बाळाला!’’ मी ‘साप’ ऐकले आणि काठी घेऊन धावलो. घर हसले, मीही हसलो. पण त्यानंतर चार माणसांत बोलायचेच टाळू लागलो.

अंतर्कर्णातल्या सूक्ष्म रोमपेशी आवाजाच्या माऱ्याने मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या उंच पट्टीच्या आवाजाच्या पेशी. म्हणून ‘आ’, ‘ओ’ ऐकू येतात. स, त, फ हरवतात. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. समोरच्याने ओरडूनही काही साधत नाही. जे ऐकू येईनासे होते, त्याची उणीव मेंदू स्वतःच्या आवाजाने भरून काढतो आणि रातकिडा जन्मतो, असे बरेच संशोधक मानतात.

हा केवळ म्हातारपणाचा दोष नव्हे. कायद्याने गोंगाटाने येणारा बहिरेपणा व्यवसायजन्य आजारांच्या यादीत घातला आहे. आता तोच गोंगाट वरातीतून वेशीत आला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सोसतो. या हिशेबाने १०० डेसिबलचा अर्धा तासही सोसत नाही. आणि डीजेसमोर पोरे तासन्‌तास नाचतात.

मग तक्रार का होत नाही? शहरात तक्रारदार अनोळखी राहू शकतो. गावात नवरदेव पुतण्या असतो, डीजेवाला शेजारचा, आणि पोलीस येण्याआधी तक्रारदाराचे नाव चावडीवर पोचते. नियम कागदावर राहतो तो या भिडेपोटी.

मोजमापातही आमची अडचण आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांची श्रवणक्षमता ६० डेसिबलने घटल्यावर माणूस ‘कमी ऐकू येणारा’ ठरतो. त्याच्या अलीकडचे आम्ही कुठल्याच मोजणीत नाही. कर्णनाद तर फक्त सोसणाऱ्यालाच ऐकू येतो.

गेल्या वर्षी मी श्रवणयंत्र लावले. रातकिडा गेला नाही, पण घरातली बोलणी परत आल्याने मागे सरला. चष्मेवाल्याला कोणी आंधळा म्हणत नाही. यंत्रवाल्याला मात्र पारावर ‘बहिरा’ म्हणतात. तेही सोसेन. मागणे एवढेच, की माझ्याशी बोलताना समोर या, तोंड दिसू द्या, सावकाश बोला.

परवा एका वरातीत नातू स्पीकरला कान लावून उभा दिसला. मी त्याला उचलून घरी आणले. तो रुसला, भावकीही रुसली. त्याला ‘ताप’ आणि ‘साप’ अजून वेगळे ऐकू येतात. ते तसेच राहावेत, यासाठी एवढा रुसवा मला चालेल.