हवा छान आहे!

वसंत ऋतूविषयी माझं मत फार वाईट आहे. हे चारचौघांत बोलून दाखवलं की लोक माझ्याकडे, मला हापूस आवडत नाही असं म्हटल्यासारखे बघतात. पण ज्यांनी वसंत फक्त कवितेत आणि वांद्र्यात पाहिला आहे, त्यांनी कृपा करून या वादात पडू नये. वांद्र्याचा वसंत सज्जन. आम्ही वाढलो ते पूर्वेकडच्या सरकारी वसाहतीत. इमारतीमागच्या आंब्याला मोहोर यायचा, कोकीळ पहाटे चारला ओरडून झोपमोड करायचा, आणि आई स्टूलावर चढून पंख्याची पाती पुसायची. झाला वसंत! त्यापायी कुणी अंथरूण धरल्याचं मला आठवत नाही.

परदेशातला वसंत मात्र चक्क फसवणूक आहे, आणि तिकडे जाऊन आलेली आपली माणसंच ती झाकून ठेवतात. इथं उतरल्या उतरल्या रुमालानं मान पुसत 'काय हा तुमचा उकाडा!' म्हणतात. जणू स्वतः हिमालयात जन्मले होते. तिकडच्या वसंताची विचारणा करा. लगेच ट्यूलिपचे फोटो निघतात. अंगावर काय काय घालून ते फोटो काढले, हे कुणी सांगत नाही.

मी सांगतो. मी १९९७ साली बॉस्टनला शिकत होतो. तिथं कॅनडातून थंड हवा येते, दक्षिणेकडून उबदार दमट हवा येते, आणि शेजारी अटलांटिक महासागर गारढोण पसरलेला. मार्च-एप्रिलात या तिघांचं, चाळीतल्या सार्वजनिक नळावर चालावं तसं भांडण चालतं. मार्क ट्वेननं तर १८७६ सालच्या एका भाषणात, तिकडच्या वसंतात चोवीस तासांत हवेचे १३६ प्रकार मोजल्याचा दावा केला होता. तुम्ही विनोद म्हणून हसाल. मी साक्षीदार म्हणून सही करायला तयार आहे. आपण कुलाबा वेधशाळेला हसतो. पण तिकडे पेनसिल्व्हेनियात १८८७ पासून दर दोन फेब्रुवारीला, घुशीच्या थोरल्या भावासारखा दिसणारा एक प्राणी बिळातून काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर म्हणे थंडी आणखी सहा आठवडे! म्हणजे त्यांनी वेधशाळाच बिळात ठेवली आहे.

तर त्या साली ३० मार्चला ईस्टरचा रविवार होता. पारा सतराच्या आसपास. नदीकाठी गोरी मंडळी अर्ध्या चड्ड्यांवर पहुडलेली. मीही जाड कोट बॅगेत भरून बॅग पलंगाखाली सारली आणि घरी फोन करून 'वसंत आला!' अशी घोषणा केली. सोमवारी पाऊस आला आणि संध्याकाळी त्याचा बर्फ झाला. मंगळवारी सकाळी मित्राचा फोन आला, "खिडकीबाहेर बघ." मी म्हटलं, "आज एक एप्रिल आहे, मला ठाऊक आहे." तरी पडदा सारला. बाहेर रस्ता नव्हता. मोटारींच्या जागी पांढरी टेंगळं होती. विमानतळावर २५.४ इंच बर्फाची नोंद झाली. मी कोटासाठी पलंगाखाली शिरेपर्यंत हुडहुडी भरली होती. पुढचा आठवडा तापात गेला.

आठ तारखेला पाडवा. सकाळी घरी फोन लावला. वांद्र्यात संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. आईनं विचारलं, "हवा काय म्हणते रे तिकडची?" रिसिव्हरवर हात ठेवून मी आधी खोकून घेतलं आणि म्हटलं, "छान आहे. तुम्ही कसे आहात?"

"आम्ही पण छान. अण्णा जरा पडलेत रे, आत्ताच डोळा लागलाय."

माझी अक्कल तिथंच चालायला हवी होती. सरकारी नोकरीत असूनही अण्णा दिवसा कधी झोपत नसत.

सुट्टीत घरी आलो. कपाटात रेशनकार्ड शोधताना इस्पितळाची बिलं सापडली. न्युमोनिया. पाडव्याचा दिवस अण्णांचा तिथला चौथा दिवस होता. गुढी शेजारच्या मुलानं उभारली होती. मी बिलं घेऊन अण्णांसमोर उभा राहिलो. ते पेपर खाली न करता म्हणाले, "तिथल्या बर्फाचा फोटो मी खाटेवर पडून पेपरात पाहिला होता. आणि तू म्हणालास, हवा छान आहे. म्हटलं, मुलगा खोटं बोलायला लागला, आता संसार करील."

मी हसलो. पण त्या रात्री झोप आली नाही. त्या खाटेवर काही बरंवाईट झालं असतं तर आपला शेवटचा संवाद हवेविषयीचा, आणि तोही खोटा, ठरला असता, हे मनातून जाईना.

आणि हवा म्हणजे काही चेष्टेची गोष्ट नव्हे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत गेल्या, मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. तिथली थंडी आणि न मानवणारं अन्न यांनी प्रकृती खालावली, क्षय जडला. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या गेल्या तेव्हा बावीस वर्षांच्याही नव्हत्या. आपण त्यांच्या पदवीचं कौतुक मुलांना सांगतो. थंडीचं सांगायचं राहून जातं.

आता माझा पुतण्या परदेशी निघाला आहे. बॅगेत थालीपिठाची भाजणी आहे, कुकर आहे, सहा स्वेटर आहेत. कांद्यासारखे पापुद्र्यापापुद्र्यानं कपडे घालायचे, हे मी त्याला शिकवलं. शिवाय बजावलं, "घरी बोलताना 'छान' हा शब्द वापरायचा नाही."

तो म्हणाला, "काका, हल्ली ॲपवर तिथलं तापमान घरबसल्या कळतं."

"अरे, तिथलं कळतं. तुझं कुठं कळतं?" मी म्हटलं.

वांद्र्याच्या हवेचीही मी आता हमी देत नाही. २०२५ साली मुंबईत मोसमी पाऊस २६ मेलाच येऊन थडकला. वहिनीच्या कुरडया तेव्हा गच्चीवर होत्या. त्या आवरायला धावताना ती जिन्यात घसरली, आणि अजून लंगडते.

पुतण्यानं माझा उपदेश लगेच अमलात आणला. स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "आई, खरं सांग, गुडघा कसा आहे?"

आतून आवाज आला, "छान आहे!"