शिध्यानंतरचे दान

भगवान ऋषभदेवांच्या चरित्रातील एक प्रसंग जैन घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. कल्पवृक्षांचे देणे आटले, लोक भुकेने व्याकुळ झाले आणि मार्ग विचारण्यासाठी ऋषभदेवांकडे आले. तेव्हा त्यांनी लोकांना असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकवली. घट घडविण्याच्या कलेला आद्य शिल्पांत स्थान आहे. अन्नाचे संकट आले असता लोकांच्या हातांना काम दिले गेले, हा या कथेचा आशय आजही लक्षात घेण्याजोगा आहे.

महाराष्ट्रात महापूर येतो तो बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये, आणि त्यापाठोपाठ पर्युषण पर्व येते. साहजिकच संघासंघांतून पूरग्रस्तांसाठी निधीची घोषणा होते. शिध्याचे संच, चादरी, औषधे, भांडी भरून गाड्या रवाना होतात. हे दान आवश्यकच आहे. पहिल्या पंधरवड्यात अन्न, स्वच्छ पाणी आणि औषध यांना पर्याय नसतो. परंतु सोळाव्या दिवशी गाड्या परत फिरतात, आणि घरातला चिखल उपसून झाल्यावर आता कमवायचे कसे, हा प्रश्न कुटुंबासमोर उभा राहतो. शेतकऱ्याला निदान पुढच्या हंगामाची आशा असते. कारागिराचे मात्र घर, कारखाना, कोठार आणि भांडवल हे सारे बहुधा एकाच छपराखाली असते आणि ते एकाच रात्रीत जाते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पंचगंगेचे पाणी शिरले, तेव्हा तेथील कुंभारांवर हीच वेळ आली. गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. मूर्तिकार कित्येक महिने आधीपासून माती, रंग आणि साचे यांवर पैसा लावतो. त्यातला बराचसा उसनवारीचा किंवा कर्जाचा असतो आणि त्याची फेड शेवटच्या दोन-तीन आठवड्यांच्या विक्रीतून होते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर वर्षभराचे सगळे खेळते भांडवल त्या दिवसांत मूर्तींच्या रूपात उभे असते. नेमक्या त्याच वेळी पाणी आले. कच्ची मूर्ती भिजली की तिचा पुन्हा चिखल होतो. मूर्ती गेल्या, कर्ज मात्र राहिले.

अशा कारागिरांसाठी सरकारी मदतीची तरतूद नाही, असे नव्हे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत हस्तकला व हातमाग कारागिरांना नुकसान झालेल्या अवजारांसाठी ५,००० रुपये आणि कच्चा माल किंवा तयार माल यांच्या हानीसाठी ५,००० रुपये ठरविलेले आहेत. तरतूद आहे ही जमेची बाजू. पण या रकमेत माग उभा करून त्यावर सूत चढवता येत नाही, की मूर्तींचा एक हंगामही उभा राहत नाही. ही उणीव समाजाने भरून काढायची आहे.

पुनर्वसनात कारागीर नकळत कसा मागे पडतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. हे काम प्रचंड होते आणि त्यात असंख्य संस्थांनी हात दिला. श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. तात्पुरत्या मदतीच्या पुढे जाणाऱ्या दानाचा तो एक आदर्शच होय. मात्र नव्या गावांतील घरांचे आकार कुटुंबाच्या जमीनधारणेवर ठरले होते : भूमिहीन आणि अत्यल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना ४०० आणि मोठ्या जमीनदारांना ७५० चौरस फूट. सुतार, कुंभार, विणकर यांच्याकडे जमीन बहुधा नसतेच. ज्याचे घर हाच कारखाना, त्याच्या वाट्याला सर्वांत लहान घर आले. कुणाचा हेतू वाईट नव्हता, पण मोजमापाची पट्टी शेतीची होती.

कारागिराच्या गरजेची पट्टी लावून मदत केली तर काय घडते, हे कच्छने दाखवून दिले आहे. नवी मुंबईतील वाचकांना कच्छ दूरचा वाटू नये. मशीद बंदरातून वाशीच्या बाजार समितीत आलेल्या धान्यपेढ्यांपैकी अनेकांची मुळे कच्छच्या गावांत आहेत.

१९६९ मध्ये कच्छमध्ये भीषण दुष्काळ होता. मुंबईच्या श्रीमती चंदाबेन श्रॉफ रामकृष्ण मिशनच्या मदतकार्यात सहभागी होण्यासाठी धाणेटी या गावी गेल्या. तेथे मोफत भोजनाची सोय होती, परंतु गावातील स्त्रियांना फुकटचे अन्न घेण्याचा संकोच वाटे. त्यांना काम हवे होते. त्यांच्या अंगावरच्या जुन्या वस्त्रांवर मात्र अप्रतिम भरतकाम होते. चंदाबेनांनी ३० साड्या आणून त्यांच्याकडून भरून घेतल्या, मजुरी दिली आणि त्या साड्या मुंबईच्या प्रदर्शनात विकल्या. त्या विक्रीतून पुढचे काम निघाले. या प्रयत्नातूनच ‘श्रुजन’ ही संस्था उभी राहिली. पुढे हजारो स्त्रियांना तिने घरबसल्या काम दिले आणि कच्छच्या भरतकामाच्या विविध शैली जपल्या. या कार्यासाठी २००६ मध्ये चंदाबेनांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. अन्नछत्रात खर्च झालेला पैसा त्या दिवसाची भूक भागवून संपतो, आणि तो तसाच संपायचा असतो. त्या ३० साड्यांचे भांडवल मात्र फिरत राहिले, आणि आज अर्धशतकाहून अधिक काळ ते फिरते आहे.

२६ जानेवारी २००१ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छ हादरला. १३ हजारांहून अधिक माणसे दगावली. भुज, अंजार, भचाऊ, रापर ही गावे कोसळली. त्या काळी भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त गुजरातमध्ये ३६८ शाळा उभारल्या. कारागिरांचे संकट मात्र काही ठिकाणी डोळ्यांना दिसणाऱ्या ढिगाऱ्यापेक्षा खोल होते. धमडका हे अजरख छपाई करणाऱ्या खत्री कुटुंबांचे गाव. त्यांचे पूर्वज सोळाव्या शतकात सिंधमधून येथे येऊन वसले, असे मानतात. अजरखचे कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, मग लाकडी ठशांनी छापतात, निळीत बुडवतात आणि पुन्हापुन्हा धुतात. सारी भिस्त पाण्यावर असते. भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले. हिरड्यातील तुरट द्रव्याशी लोहाचा संयोग झाला की कापड काळवंडते. म्हणजे घरे पुन्हा बांधून दिली असती, तरी त्या पाण्यावर धंदा उभा राहणे कठीण होते.

तेव्हा डॉ. इस्माईल महंमद खत्री यांच्या पुढाकाराने अनेक कुटुंबांनी भुजजवळ चांगले पाणी असलेली जागा निवडली आणि संस्था व स्नेह्यांच्या साहाय्याने अजरखपूर हे नवे गाव वसवले. गावाला नावच कलेचे मिळाले. मदत करणाऱ्यांनी ‘घर कुठे बांधून द्यावे?’ हा प्रश्न कारागिरालाच विचारला, म्हणून हे जमले. काही कुटुंबे धमडक्यातच राहिली आणि तेथेही ही कला टिकून आहे. १९९८ च्या चक्रीवादळानंतर एकत्र आलेल्या संस्थांच्या ‘कच्छ नवनिर्माण अभियान’ने पुढे नेहरू फाउंडेशनच्या सहकार्याने २००५ मध्ये ‘खमीर’ ही कारागिरांसाठीची संस्था स्थापन केली. पावसाच्या पाण्यावर वाढणाऱ्या कच्छच्या देशी काला कापसाला तिने पुन्हा हातमागावर आणले. शेतकरी, सूत कातणारे आणि विणकर अशा तिघांनाही त्यातून काम मिळाले. रेशीम वर्ज्य मानणाऱ्या कुटुंबांना तर हे वस्त्र विशेष जवळचे वाटावे.

या साऱ्याचा ताळेबंद मांडला तर कारागिराला पुन्हा उभे राहण्यासाठी चार गोष्टी लागतात : कामाची जागा, अवजारे, कच्चा माल आणि मागणी. पहिल्या तीन गोष्टी दानातून देता येतात. चौथी ग्राहकाने द्यायची असते, आणि तिच्यावाचून पहिल्या तीन फुकट जातात. दयेपोटी एकदा केलेली खरेदी मागणी ठरत नाही. माल चोख असावा, त्याची रास्त किंमत मिळावी आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारणा व्हावी, तर मुलगा बापाचा ठसा हाती धरतो. नाहीतर तो शहरात पहारेकऱ्याची नोकरी धरतो आणि अनेक पिढ्यांची विद्या एका पिढीत संपते. पैसे वेळेवर देणे हाही धर्मच आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी फार तर ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले आहे. आपत्तीतून सावरणाऱ्या कारागिराला ४५ दिवसही फार होतात. त्याला निम्मी रक्कम आगाऊ मिळाली, तर सावकाराचे दार टळते.

नवी मुंबईत याची सुरुवात करणे अवघड नाही. सीबीडी बेलापूरला सिडकोने उभारलेल्या अर्बन हाटमध्ये निरनिराळ्या राज्यांतील कारागीर थेट माल विकायला येतात. तेथे घासाघीस करण्याऐवजी नाव, गाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावा. संघात तपाच्या पारण्याला किंवा पर्वानिमित्त प्रभावना वाटली जाते. तीत बाजारातील एकसारख्या वस्तूंऐवजी कापडी बटवे, मातीचे घट किंवा लाकडी वस्तू द्यायच्या ठरवून पूरग्रस्त वा भूकंपग्रस्त भागातील कारागिरांकडे सहा महिने आधी मागणी नोंदवावी. दोनशे नगांची एक मागणी एखाद्या कुटुंबाला काही आठवड्यांचे काम देते.

१७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांसाठी अवजारांकरिता १५,००० रुपयांपर्यंतचे प्रोत्साहन आणि दोन टप्प्यांत मिळून ३ लाख रुपयांपर्यंतचे विनातारण कर्ज ५ टक्के व्याजाने मिळू शकते. अनेक कारागीर केवळ अर्ज आणि कागदपत्रांपाशी अडतात. समाजात बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेली मंडळी पुष्कळ आहेत. पूर ओसरल्यावर मदतीच्या गाडीबरोबर अशा चार जणांनी जावे, आठवडाभर मुक्काम करावा आणि एकेका कारागिराचा अर्ज भरून द्यावा. येत्या पर्युषणात निधीची घोषणा होईल, तेव्हा शिध्याच्या संचांबरोबर या कामासाठीही नावे मागवावीत.