वाद घालायचा तर पुस्तक उघडून

नाताळ जवळ आला की आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या मोबाइलांवर दोन मजकूर हमखास फिरतात. एकात म्हटलेलं असतं की बायबल हे येशूनंतर तीनशे वर्षांनी एका रोमन राजानं सभा भरवून जुळवून घेतलेलं पुस्तक आहे. दुसरा सांगतो की उत्खननानं बायबलचा शब्द न् शब्द खरा ठरवला. मग भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत, नवापूरच्या बाजारात, कुणाच्या तरी दुकानाच्या ओट्यावर शब्दाला शब्द लागतो. दोन्ही मजकूर चूक आहेत. आणि ते पुढे ढकलणाऱ्या बहुतेकांनी मार्कचं शुभवर्तमान एकदाही सलग वाचलेलं नसतं. सोळा अध्याय आहेत. निवांत बसलं तर दोन तासांच्या आत होतात.

वाद घालूच नका, असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात हा वाद जवळजवळ दोनशे वर्षं चालू आहे आणि त्यानं आपलं काही बिघडलेलं नाही. १८३१ साली मुंबईत मोरभट दांडेकरांनी जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याशी जाहीर वाद घातला आणि ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली. विल्सननं पुढच्याच वर्षी पुस्तकानंच उत्तर दिलं. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी, म्हणजे मूळचे विष्णू भिकाजी गोखले, मुंबईच्या समुद्रकिनारी बसले आणि १५ जानेवारीपासून २८ मेपर्यंत मिशनऱ्यांशी वाद घालत राहिले. भोवती गर्दी जमायची. तिकडे मेरठला बंड पेटलं तरी इकडे शास्त्रार्थ चालूच होता. त्या मंडळींची भाषा काही सौम्य नव्हती. पण समोरच्याचं पुस्तक त्यांनी वाचलेलं असायचं. एवढ्या एका बाबतीत आपण त्यांच्या मागे पडलो आहोत.

तर वाद घालायला बसाल तेव्हा आधी एक ठरवून घ्या: भांडण नेमकं कशावर आहे? पुस्तक आपल्यापर्यंत जसंच्या तसं आलं का, हा एक प्रश्न. त्यात लिहिलंय तसं घडलं का, हा दुसरा. आणि ते देवाचं वचन आहे का, हा तिसराच. आपल्याकडे माणूस पहिल्या प्रश्नात हरायला लागला की तिसऱ्यावर उडी मारतो, तिसऱ्यात अडकला की दुसऱ्यावर येतो, आणि शेवटी गोष्ट धर्मांतरावर जाऊन हमरीतुमरीवर येते.

पहिल्या प्रश्नाबद्दल तर खानदेशातल्या माणसानं अडाण्यासारखं बोलूच नये. पोथी म्हणजे काय, पाठभेद म्हणजे काय, हे शिकायला आपल्याला परदेशी जावं लागत नाही. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यातच १९२६ च्या ३१ डिसेंबरला गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं आहे. तिथल्याच समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी बाडं सांभाळलेली आहेत, समर्थांच्या हस्ताक्षरातलं म्हणून जपलेलं वाल्मीकी रामायण आहे. ती बाडं गोळा करणारे शंकर श्रीकृष्ण देव धुळ्याचेच. त्यांनी १९०५ साली दासबोध छापला तो डोमगावच्या मठातल्या, कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून. का? कारण गावोगावच्या प्रतींत फरक होते आणि मूळच्या जवळची प्रत शोधणं भाग होतं. ज्ञानेश्वरीचंही तेच. नाथमहाराजांनी १५८४ साली प्रती ताडून ती शुद्ध केली आणि पुढे कुणी तीत आपली ओवी घुसवू नये म्हणून बजावलं. बजावावं लागलं, याचाच अर्थ लोक घुसवत होते. राजवाड्यांनी १९०९ साली एका जुन्या पोथीवरून वेगळी ज्ञानेश्वरी छापली, तर ती पोथी खरंच किती जुनी यावर पंडितांची भांडणं झाली. यानं ज्ञानेश्वरी खोटी ठरली का?

नव्या कराराची स्थिती याच जातीची आहे, फक्त पसारा मोठा. ग्रीक भाषेतल्या लहान-मोठ्या पाच हजारांवर हस्तलिखित प्रती आज माहीत आहेत. सर्वांत जुना समजला जाणारा तुकडा तळहाताहूनही लहान आहे. योहानाच्या अठराव्या अध्यायातल्या काही ओळी त्यावर आहेत. तो मँचेस्टरला आहे आणि बहुतेक अभ्यासक तो दुसऱ्या शतकातला मानतात. सबंध नवा करार असलेली सर्वांत जुनी प्रत चौथ्या शतकातली. प्रतींत फरक आहेत, ढीगभर आहेत. बरेचसे हात चुकल्याचे, काही मात्र वजनदार. मार्कच्या शेवटच्या अध्यायातली नवव्या ओळीपासूनची बारा वचनं जुन्यातल्या जुन्या दोन मोठ्या प्रतींत नाहीत. व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट, जी ख्रिस्ती नसलेल्यांनाही पाठ असते, ती योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत सापडत नाही. ही काही कुणी फोडलेली गुपितं नव्हेत. कितीतरी भाषांतरांत तिथे कंस किंवा तळटीप छापलेली असते. तेव्हा ‘बायबल बदललं’ म्हणणाऱ्यानं कुठे बदललं ते ओळीवर बोट ठेवून सांगावं, आणि ‘एक काना-मात्राही बदलला नाही’ म्हणणाऱ्यानं आपल्याच पुस्तकातली तळटीप वाचावी.

राजाच्या सभेचं म्हणाल तर कॉन्स्टंटाइननं ३२५ साली निकिया इथे सभा भरवली हे खरं. पण तिथे वाद झाला तो ख्रिस्ताच्या स्वरूपावर; पुस्तकं निवडण्याचं काम त्या सभेनं केलं नाही. आज नव्या करारात आहेत तीच सत्तावीस पुस्तकं नेमकी मोजलेली यादी आपल्याला अथनेशियस या बिशपच्या ३६७ सालच्या पत्रात भेटते. त्याआधी काही पुस्तकांवर दोन-अडीचशे वर्षं घासाघीस चालू होती. हळूहळू ठरत गेलेली गोष्ट कुणा एकाच्या कटात बसवली की ऐकायला झणझणीत लागते, एवढंच.

आता दुसरा प्रश्न, घडलं का? इथे आपल्या जिल्ह्यांतली दोन उदाहरणं डोळ्यांपुढे ठेवा. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात गायच्या. मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावानं जमेल तेवढं उतरवून घेतलं आणि १९५१ साली बहिणाबाई गेल्यावर पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. गाणी बहिणाबाईंची नव्हेत असं आसोद्यात जाऊन कुणी म्हणून बघावं. म्हणून ‘येशूनं स्वतः कुठे काय लिहिलं?’ हा प्रश्न मला फार दमदार वाटत नाही. उलट बाजूनं दुसरं उदाहरण धुळ्याच्या तुरुंगाचं. १९३२ साली विनोबांनी तिथे २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती समोर बसून उतरवून घेतली. शुभवर्तमानांच्या मागे असा कुणी गुरुजी बसलेला नाही. येशूचा मृत्यू इसवी सन ३० च्या आसपासचा. पौलाची पत्रं वीसेक वर्षांनंतरची. मार्क साधारण सत्तरच्या सुमाराचा, आणि योहान शतकाच्या शेवटाकडचा, असा बहुतेक अभ्यासकांचा हिशेब आहे. येशू बोलला अरामी, लिहिलं गेलं ग्रीकमध्ये. मधल्या काळात आठवण तोंडोतोंडी फिरली. तशी आठवण सगळीच पुसली जात नाही आणि सगळीच जशीच्या तशी राहतही नाही.

हे स्वतः तपासायचं असेल तर मत्तयाचा दुसरा अध्याय आणि लूकचा दुसरा अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचा. मत्तयात येशूचा जन्म हेरोद राजाच्या काळात होतो, राजा पोरं मारायला उठतो, कुटुंब मिसर देशात पळतं. लूकमध्ये शिरगणतीसाठी नासरेथहून बेथलेहेमला येतात, गव्हाणीत बाळ ठेवतात, मंदिरात विधी उरकून गावी परततात. मिसर नाही, हत्याकांड नाही. शिवाय हेरोद मेला इसवी सनापूर्वी ४ मध्ये असं साधारण मानतात, आणि लूक ज्या क्विरिनियचं नाव घेतो त्या सुभेदाराची इतिहासाला ठाऊक असलेली शिरगणती इसवी सन ६ ची. जवळजवळ दहा वर्षांची फट. ती बुजवायचे प्रयत्न पुष्कळ झालेत, मला एकही पटलेला नाही. नाताळच्या देखाव्यात मात्र आपण मत्तयातले मागी लोक आणि लूकमधले मेंढपाळ एकाच गोठ्यात उभे करून मोकळे होतो.

पण म्हणून ‘येशू नावाचा माणूस झालाच नाही’ असं ठोकून देणाऱ्यांनीही दम धरावा. टॅसिटस हा रोमन इतिहासकार ख्रिस्ती नव्हता, त्याला ही मंडळी आवडतही नव्हती. तरी तो ११६ च्या सुमारास लिहितो की पिलात या रोमन सुभेदारानं ख्रिस्ताला मृत्युदंड दिला. जोसेफस हा यहुदी इतिहासकार त्याच्याही आधी येशूच्या भावाचा, याकोबाचा उल्लेख करतो. (जोसेफसच्या पुस्तकातला येशूवरचा स्वतंत्र परिच्छेद मात्र पुढे ख्रिस्ती हातांनी फुगवलेला आहे, असं बहुतेकांचं मत आहे. तो फेकून वाद जिंकू नका.) पिलाताचं नाव कोरलेला दगड १९६१ साली कैसरियात सापडला. त्यानं पिलात होता हे ठरलं. तिसऱ्या दिवशी कबर रिकामी होती हे त्या दगडानं ठरत नाही. ते ठरवण्याचं साधन इतिहासाकडे नाहीच. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रावरून एवढं दिसतं की येशू उठला ही श्रद्धा फार लवकरची आहे, मागाहून शतकांनी चिकटवलेली नाही. त्याच्या पुढचं पाऊल ज्याचं त्यानं टाकायचं.

आपल्याकडच्या एका जुन्या हौसेबद्दलही बोललं पाहिजे. येशू काश्मिरात आला, भारतात शिकला, इतकंच काय, तो हिंदूच होता. बाबाराव सावरकरांनी ‘ख्रिस्त परिचय’ लिहून त्याला तमिळ ब्राह्मण ठरवलं. ते पुस्तक २०१६ साली पुन्हा छापलं गेलं. लडाखच्या हेमिस मठातल्या पोथीची गोष्ट नोटोविच या रशियन माणसानं १८९४ साली जगाला सांगितली. पुढच्याच वर्षी एक इंग्रज प्राध्यापक तिथे जाऊन आला, तर मठाच्या मुख्य लामानं अशी पोथीच नसल्याचं सांगितलं. बाबारावांच्या देशभक्तीबद्दल आदर ठेवूनही म्हणतो, या कथांना पुरावा नाही. जो माणूस लूकच्या शिरगणतीला दहा वर्षांचा हिशेब विचारतो आणि काश्मीरच्या गोष्टीला काहीच विचारत नाही, तो घ्यायचं माप वेगळं आणि द्यायचं वेगळं ठेवणारा कापसाचा व्यापारी आहे.

ख्रिस्ती भावाबहिणींनाही तेवढंच स्पष्ट सांगतो. प्रश्न विचारणारा प्रत्येक जण तुमचा वैरी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली बाप्तिस्मा घेतला तो प्रश्नांसकट. त्रैक्याच्या सिद्धांतावरून त्यांनी इंग्लंडमधल्या आपल्या मार्गदर्शक भगिनींशी पत्रांतून उघड वाद घातला. पुढे हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. ते छापून पुरं झालं १९२४ साली, त्या गेल्यानंतर. इतकं खोलवर पुस्तक वाचणाऱ्या बाईला प्रश्नांची भीती वाटली नाही. उत्खननानं सगळं सिद्ध झालं, नोहाचं तारू सापडलं, असल्या चित्रफिती वाटून तुम्ही रमाबाईंची परंपरा चालवत नाही.

आणि एक गोष्ट कळकळीची. नवापूर, साक्री, शिरपूरकडच्या पाड्यांवर जे भिल्ल-मावची कुटुंब रविवारी प्रार्थनेला बसतं, ते पोथ्यांचे पाठभेद तपासून बसलेलं नसतं. कुठे आजारपणात कुणी धावून आलेलं असतं, कुठे चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्याची आठवण असते, कुठे घरातली दारू सुटलेली असते. त्याच्या दारात जाऊन क्विरिनियची शिरगणती काढू नका. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमानं त्याला त्याचा धर्म मानायची मोकळीक दिली आहे, आणि तुमचा अभ्यास त्याला दमात घेण्यासाठी नाही. वाद घालायची खुमखुमी असेल तर व्यासपीठावरून दावे करणाऱ्याला गाठा, पाळक असो की महाराज. तो तयारीनं आलेला असतो.

बसणार असाल तर वाचनालयात बसा. अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर आहे, धुळ्यात राजवाडे मंडळ आहे, तालुक्याला बरीवाईट वाचनालयं आहेत. मेजावर मराठी ‘पवित्र शास्त्र’ची प्रत ठेवा, तिच्या शेजारी आपापलं पुस्तकही ठेवा. एका बैठकीला एकच प्रश्न घ्या. विष्णुबावांच्या वादाचा इंग्रजी वृत्तान्त त्याच वर्षी छापला तो जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्यानं, म्हणजे प्रतिपक्षातल्याच माणसानं. मराठी वृत्तान्त पुढे १८७२ साली आला, तोवर विष्णुबावा हयात नव्हते. म्हणून टिपणं घ्यायला पहिल्या दिवसापासून दोन्ही बाजूंचा एकेक जण बसवा, आणि उठण्याआधी दोघांनीही एकमेकांच्या कागदावर सही करा.