बोंडअळी का वाढते?

हिंगोली जिल्ह्यातल्या कपाशीवर फवारणी कमी पडते म्हणून गुलाबी बोंडअळी वाढते, हे मागील अंकातील पत्राचे म्हणणे पटण्याजोगे नाही. अंड्यातून निघालेली अळी लवकरच बोंडात शिरते आणि भोक बुजते. मग फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. डोमकळी उकलली किंवा एकमेकींना चिकटलेली सरकी फोडली, की ती आत सापडते. फवाऱ्याने मरतात ते ढालकिडे, क्रायसोपा आणि किडीच्या अंड्यातच आपले अंडे घालणारा चिमुकला ट्रायकोग्रामा. तिच्या वाढीला लगाम घालणारे हेच तर कीटक!

अन्न मिळेल तोवर कीड पटीने वाढते. बोंडअळीची पिढी साधारण महिनाभरात पुरी होते. डिसेंबरअखेर रान मोकळे झाले तर ही साखळी तुटते; कयाधूकाठच्या ओलिताच्या रानात फरदड ठेवली, की तिला उन्हाळ्यापर्यंत बोंडे पुरतात.

२००६ साली आलेल्या दोन जनुकांच्या बीटी वाणालाही ती सरावली. कडेने बिगर-बीटीच्या ओळी असत्या, तर तिथल्या पतंगांशी संकर होऊन हे लांबले असते. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने त्याचा फटका सोसला. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, तरच फवारणीची वेळ येते.